बिनसाखळीची फटफटी

गावच्या पारापाशी कुणा पाहुण्याची फटफटी येऊन थांबली की पोरे टाकीवरून हात फिरवतात, हॉर्न दाबून पाहतात. जाणता माणूस मात्र वाकून मागच्या चाकाकडे बघतो. साखळी, म्हणजे आपण जिला चेन म्हणतो ती, ढिली झाली आहे का, कोरडी पडली आहे का, दाते झिजले आहेत का, एवढे पाहिले की मालक कसा आहे हे त्याला कळते. आमचे आबा असेच बघत.

मी आज ज्या गाडीची हकीकत सांगणार आहे तिला चेनच नव्हती. गाडी इटलीतली, आणि ज्या रस्त्याने ती मला हिंडवीत असे तो रस्ताही तिकडचाच. पण तिच्यामुळे आमच्या घरचे एक मोठे संकट वेळेवर उमगले, म्हणून ही हकीकत आपल्यासारख्या शेतकरी कुटुंबांनी वाचावी असे वाटते.

सरोवराकाठचे गाव

२००६ साली मी उत्तर इटलीतील लेक्को या गावी, यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागलो. आमचे घर नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचे, बारामतीपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर. घरी ऊस, चार जनावरे, आबा, आई, थोरले बंधू आणि वहिनी. अशा सपाट मुलखातून उठून मी एकदम डोंगरात आणि पाण्यात जाऊन पडलो.

लेक्को हे कोमो नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी आहे. पोरांची गलोल उलटी धरली तर जशी दिसेल तसा या सरोवराचा आकार; वर एक दांडा आणि खाली दोन फाटे. एका फाट्याच्या टोकाला कोमो शहर, दुसऱ्याच्या टोकाला लेक्को. पाण्याचा पसारा सुमारे १४६ चौरस किलोमीटर आणि खोली सर्वांत खोल जागी ४०० मीटरांहून जास्त. डोंगर थेट काठावरूनच उभे राहतात. जवळचा ग्रिन्या नावाचा डोंगर २,४१० मीटर उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, त्यावरून अंदाज करावा. पाणी आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, आगगाडी, घरे आणि ऑलिव्हची झाडे अशी सगळ्यांची दाटी.

दोन वर्षे मी बसने आणि आगगाडीने हिंडलो. २००८ साली शेजारच्या निवृत्त पोस्टमनने आपली जुनी मोटारसायकल विकायला काढली. मोटो गुझी कंपनीची ‘८५० टी ३’, १९७७ साली बनलेली. रंग काळा, वजन अडीच क्विंटलांच्या आसपास. मी ती घेतली. आबांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, “एकतीस वर्षांची गाडी? अरे, त्या वयाचा बैल कुणी घेतो का?” मग हसून म्हणाले, “चेन नीट बघून घे बरं.”

मी म्हणालो, “आबा, हिला चेनच नाही.”

ते गप्पच झाले. मग त्यांना सगळे समजावून सांगावे लागले. तेच आपणालाही सांगतो.

चेनऐवजी दांडा

आपल्याकडच्या बुलेट, राजदूत, जावा या सगळ्या गाड्यांत इंजिनाची ताकद चेनने मागच्या चाकाला जाते. चेन स्वस्त आणि हलकी, पण ती उघडी असते. धूळ, चिखल, पाणी तिच्यावर बसते. ती ताणते, तिला तेल द्यावे लागते, चाक मागे सरकवून ती आवळावी लागते, आणि शेवटी दात्यांसकट बदलावी लागते.

माझ्या गाडीत चेनच्या जागी पोलादी दांडा होता. आपल्या ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर जोडतो, तेव्हा पीटीओचा शाफ्ट कसा फिरतो ते आपण रोज पाहता. तसाच हा शाफ्ट, फक्त नळीच्या आत बंद केलेला. गिअरपेटीतून निघाला की आधी एक क्रॉस, म्हणजे चाक खालीवर झाले तरी दांडा वळू शकतो. मागे चाकाशी गेल्यावर क्राउन-पिनियन. जीपच्या मागच्या हाऊसिंगमध्ये असते तेच, पण आकाराने नारळाएवढे. ते सगळे तेलात बुडालेले. आणि तेल तरी किती? पाव लिटर.

या गाडीचे इंजिनही निराळे. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे, बैलाच्या शिंगांप्रमाणे दोन्ही अंगांनी बाहेर आलेले. इंजिनाचा मुख्य दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला, त्यामुळे क्लच, गिअर आणि शाफ्ट हे सगळे एका ओळीत येते आणि ताकदीला एकदाच, चाकापाशी, काटकोनात वळावे लागते. थंडीत दोन्ही सिलिंडरांची ऊब गुडघ्यांना मिळे, तो फायदा वेगळाच.

अशी गाडी चालवायची रीत शिकावी लागते. उभ्या गाडीचा कान पिळला की ती एका अंगाला हेलकावा खाते. नव्या माणसाला वाटते, पडली आता! वेग वाढवला की मागची बाजू किंचित वर उचलली जाते, कान सोडला की खाली बसते. म्हणून वळणाच्या ऐन मध्यावर कान एकदम सोडायचा नाही. वळणाआधीच वेग कमी करायचा आणि वळणात हळूहळू वाढवीत जायचे. गिअर घाईने टाकला तर ‘ठक्’ करून राग दाखवी. पायाचा ब्रेक दाबला की मागचा एक आणि पुढचा एक असे दोन ब्रेक एकदम लागत. एकदा सवय झाली की मात्र दिवसभर चालवूनही अंग आंबत नसे.

मांडेल्लोचा तांबडा दरवाजा

लेक्कोहून काठाकाठाने दहा किलोमीटर उत्तरेला गेले की मांडेल्लो देल लारिओ हे गाव लागते. माझी गाडी तेथेच जन्मली. आता मोठा हमरस्ता डोंगरातल्या बोगद्यांतून जातो, पण मी दर खेपेला जुन्या काठच्या रस्त्यानेच जाई.

या कारखान्याची कथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात इटलीच्या विमानदळात तीन मित्र होते. कार्लो गुझी हा मेकॅनिक. जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी राव्हेल्ली हे वैमानिक. युद्ध संपल्यावर तिघांनी मिळून मोटारसायकली बनवायच्या असे ठरले. परंतु १९१९ साली राव्हेल्ली विमान अपघातात गेला. उरलेल्या दोघांनी पारोदीच्या वडिलांकडून भांडवल घेऊन १९२१ साली कंपनी काढली आणि गेलेल्या मित्राची आठवण म्हणून गाडीच्या टाकीवर पंख पसरलेला गरुड लावला. तो गरुड आजही प्रत्येक गाडीवर असतो.

मांडेल्लो हे तेव्हा लहान गाव. पण येथे १९५० साली, धावत्या गाडीवर वाऱ्याचा कसा परिणाम होतो हे पाहण्यासाठी वाऱ्याचा बोगदा बांधला गेला. पुढे पोलिसांच्या आणि सरकारी कामासाठी, कमी देखभालीत भरपूर चालेल अशी दणकट गाडी हवी होती. जुलिओ चेझारे कार्कानो या अभियंत्याने ती आखली आणि १९६७ पासून ‘व्ही ७’ या नावाने ती बाहेर पडू लागली. इंजिन ७०३ सीसीचे आणि मागे शाफ्ट. माझी गाडी तिच्याच वंशातली.

कारखान्याच्या फाटकाचा रंग तांबडा आहे. त्याच्यासमोर गाडी उभी करून मी पहिला फोटो काढला आणि घरी पाठवला. आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. २००४ च्या अखेरीस ही कंपनी इटलीच्याच पियाज्जो कंपनीने विकत घेतली, आणि त्याच पियाज्जोचा कारखाना आपल्या बारामतीत आहे. आपल्या गावातून भाजीची पोती आणि दुधाचे कॅन घेऊन जाणारी तीनचाकी ॲपे तेथलीच. ‘आपे’ म्हणजे इटालियन भाषेत मधमाशी. एवढ्या लांब जाऊन मी ज्या दारासमोर उभा होतो, त्याचे एक नाते माझ्या गावाजवळ निघाले याचे मला फार नवल वाटले.

दुधाच्या नदीवरून पुढे

सुट्टीच्या दिवशी माझी एक ठरलेली फेरी असे. लेक्को, मांडेल्लो, व्हारेन्ना, बेल्लानो, तेथून उजवीकडे वळून वाल्सास्सिना नावाच्या खोऱ्यातून डोंगरामागून परत लेक्को. सगळी मिळून साठेक किलोमीटर.

व्हारेन्नाच्या अलीकडे एक नदी आहे, तिची लांबी अवघी अडीचशे मीटर. डोंगराच्या कपारीतून निघते आणि फेसाळत सरोवरात पडते. पाणी इतके पांढरे की तिचे नावच फ्यूमेलात्ते, म्हणजे दुधाची नदी. वसंतात वाहू लागते आणि शरदात आटते. बेल्लानोला पिओव्हेर्ना ही मोठी नदी कडा फोडून खाली येते. तिच्याच काठाने वर चढत गेले की वाल्सास्सिनाचे खोरे. तेथे सरोवर मागे पडते आणि हिरवी कुरणे लागतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेले गवत वाळत घातलेले, आणि गाईंच्या गळ्यांतल्या घंटांचा आवाज.

२००९ च्या जून महिन्यात मी असाच निघालो होतो. आपल्याकडे तेव्हा पावसाची वाट बघणे चालू असते. चढ संपत आला तसा मागून घरघर ऐकू येऊ लागली. जात्यात खडा गेल्यावर होतो तसा आवाज. मी मनाशी म्हटले, रस्ता खराब असेल. थोड्या वेळाने जळक्या तेलाचा वास आला. इंत्रोबियो गावाच्या अलीकडे एका गोठ्यापाशी मी गाडी थांबवली.

गोठ्यातून एक म्हातारा गवळी बाहेर आला. वय सत्तरीच्या पुढचे, पायात गमबूट. त्याने मला काही न विचारता मागच्या चाकाजवळच्या हाऊसिंगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ती तापलेल्या तव्यासारखी झाली होती.

“यात तेल कधी बघितलेस?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “काका, गळत तर कधी नव्हते.”

तो म्हणाला, “गळत नाही म्हणजे भरलेले आहे असे नव्हे, पोरा. बोल्ट उघडून बघितलेस का?”

खरे सांगायचे तर मी एकदाही बघितले नव्हते. चेन नाही म्हणजे कटकट नाही, एवढेच मी धरून चाललो होतो. त्या हाऊसिंगला तेलाची पातळी पाहण्याचा एक स्वतंत्र बोल्ट असतो. तो उघडावा, तेल आट्यांपर्यंत आले तर ठीक, नाहीतर भरावे. पाच मिनिटांचे काम. म्हाताऱ्याने चाकाच्या रिंगवर बोट फिरवून मला दाखवले. बोटावर काळे, चिकट तेल.

“हे काय आहे?”

मी मान खाली घातली. ते काळे दर रविवारी मला दिसत होते. रस्त्याची घाण समजून मी फडक्याने पुसत होतो आणि रिंग चकचकीत झाली म्हणून खूष होत होतो. आतले ऑईल सील महिनोन् महिने पाझरत होते.

गवळ्याच्या गोठ्यात

हाऊसिंग निवेपर्यंत त्याने मला गोठ्यात नेले. अठरा गाई. धार काढायची वेळ झाली होती. यंत्र लावण्यापूर्वी तो प्रत्येक गाईच्या कासेला हात लावून बघे, पहिल्या दोन धारा वाटीत काढून त्यात गाठी आहेत का ते पाही. मी म्हटले, “सगळ्या गाई तर धडधाकट दिसतात.”

“दिसतात,” तो म्हणाला. “गाय काही सांगायला येत नाही. आपण हात लावल्याशिवाय कळत नाही.”

या खोऱ्यात तालेज्जो नावाचे चीज होते. चौकोनी वडी, एकेक सुमारे दोन किलोची. येथे डोंगरात गार वारा सुटणाऱ्या गुहा आहेत. त्यांत ती मुरवतात, मधून मधून मिठाच्या पाण्याने पुसतात, उलटवतात. निदान पस्तीस दिवस असे चालते. याच जातीच्या चिजांना पूर्वी स्त्राक्कीनो म्हणत. तिकडच्या बोलीत ‘स्त्राक्क’ म्हणजे थकलेला. उन्हाळाभर डोंगरमाथ्यावर चरून गाई शरदात खाली येत, तेव्हा चालून थकलेल्या गाईंच्या दुधाचे ते चीज, म्हणून तसे नाव पडले. चिजालासुद्धा गाईच्या थकव्याचे नाव देणारी ही माणसे पाहून मला आपली जत्रेहून परतणारी बैलजोडी आठवली.

बोलता बोलता मी त्याला बारामतीच्या ॲपेबद्दल सांगितले. तो खूष झाला. त्याच्या वडिलांकडे मोटो गुझीचीच एर्कोले नावाची तीनचाकी मालगाडी होती. ती १९४६ पासून १९८० पर्यंत बनत असे. दुधाचे कॅन त्यांनी तिच्यातूनच वर्षानुवर्षे वाहिले. “म्हणजे तू आणि मी एकाच धंद्यातले,” तो म्हणाला.

मग त्याने हाऊसिंगचा खालचा बोल्ट काढला. पाव लिटरच्या जागी अर्धी वाटी तेल निघाले, डांबरासारखे काळे. उन्हात धरले तर आत चांदीच्या भुकटीसारखे कण चमकत होते. ते बेअरिंगचे पोलाद होते. त्याने आपल्या ट्रॅक्टरच्या डब्यातले नव्वद नंबरचे गिअर ऑईल आणून भरले आणि म्हणाला, “तीसच्या वर नेऊ नकोस. दर पाच किलोमीटरला थांबून हात लाव.” पैसे घेतले नाहीत.

मी तसाच हळूहळू लेक्कोला आलो. बेअरिंग आणि सील बदलावे लागले. क्राउन-पिनियन थोडक्यात बचावले. मेकॅनिक म्हणाला, अजून थोडे चालवली असती तर उतारावर मागचे चाक जाम झाले असते. वाल्सास्सिनाचा तो उतार मला माहीत होता. अंगावर काटा आला.

रविवारचा फोन

वाचकहो, आता घरची गोष्ट. मी दर रविवारी घरी फोन करी. “आबा, कसे आहात?” “झकास.” “ऊस कसा आहे?” “झकास.” मग मी मोकळा. तीन वर्षे हेच चालले होते.

त्या रविवारी मी फोन लावला. आबा “झकास” म्हणाले, आणि का कोण जाणे, मला ती चकचकीत रिंग आठवली. मी म्हणालो, “जरा वहिनीला फोन द्या.” वहिनीला मी आडून विचारले नाही. आबा जेवतात किती, झोपतात किती, रानात चालत जातात की गाडीवर, सगळे एकेक करून विचारले. ती आधी अडखळली. मग हळू आवाजात म्हणाली, “भावजी, आबा महिनाभर घरातही मोजे घालून बसतात. आंघोळीला दार लावून घेतात. काल मोजा धुवायला घेतला तर त्याला पिवळे लागले होते.”

आबांना सात-आठ वर्षांपासून मधुमेह. उसाला पाणी देताना पायाला पाचटाचे धसकट लागले होते. मधुमेहात पुष्कळांच्या पायांची जाणीव कमी होते. काटा मोडला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस लक्ष देत नाही. जखम आत आत पसरत जाते. आबांनी ती आमच्यापासून लपवली, कारण दवाखान्याचा खर्च आणि माझी काळजी. आणि आम्ही ती बघितली नाही, कारण आम्ही विचारले नव्हते.

दादाने दुसऱ्याच दिवशी त्यांना बारामतीला नेले. दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस उशीर झाला असता तर गुडघ्यापर्यंत गेला असता.

मी रजा घेऊन घरी आलो तेव्हा आबा खाटेवर पाय लांब करून बसले होते. मी रागावलो. ते म्हणाले, “अरे, दुखतच नव्हते तर सांगू काय?” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्यांना त्या पाव लिटर तेलाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, “त्या म्हाताऱ्याला माझा रामराम सांग.”

परत गेल्यावर मी तसा रामराम सांगितला. बरोबर वहिनीने दिलेला गूळ नेला होता. म्हाताऱ्याने तो चिजाबरोबर खाल्ला.

आता घरी

२०१३ साली मी नोकरी सोडून गावी आलो. गाडी तिकडेच, कारखान्यातल्या एका तरुण सोबत्याला दिली. देताना त्याला कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या: इंजिनाचे तेल, गिअरपेटीचे तेल, आणि मागच्या हाऊसिंगचे पाव लिटर. तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

घरी आता ट्रॅक्टर आहे. रोटाव्हेटर जोडण्यापूर्वी पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस दिल्याशिवाय मी चावी फिरवत नाही. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरणही कधी काढू देत नाही. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर ओढला जातो. ज्यांच्याकडे ते आवरण मोडून पडले असेल त्यांनी या हंगामाआधी बसवून घ्यावे, एवढी विनंती.

आबा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज रात्री जेवणे झाली की ते ओसरीवर पाय पुढे करून बसतात. दादाचा नातू बॅटरी धरतो आणि मी तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघतो. पाच मिनिटांचे काम. आबा दर रात्री म्हणतात, “झकास आहे रे.” आणि मी दर रात्री म्हणतो, “असेल. पण बघू द्या.”

आपल्या घरी कुणाला मधुमेह असेल तर आज रात्रीपासून हे सुरू करा.